वाचकांचे प्रश्न : आयर्लंडमधले पूर्वज कसे शोधावेत?

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, तिथल्या घरांशी जुळलेल्या सोयरिकी आणि ब्रिटिश काळात इकडे येऊन राहिलेल्या आयरिश माणसांचे वंशज, अशा तिन्ही बाजूंनी या विषयावर पत्रे आली आहेत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आईचे पणजोबा आयरिश होते. नाव जॉन मर्फी. १८७० च्या सुमारास गोऱ्या पलटणीतून पुण्याला आले, पुढे रेल्वेत लागले आणि इथेच वारले. घरात एवढेच ठाऊक आहे की ते ‘कॉर्कचे’. आयर्लंडच्या संकेतस्थळावर नाव टाकले तर शेकडो जॉन मर्फी निघतात. आमचा कोणता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्त ते संकेतस्थळ बंद करा. मर्फी हे आयर्लंडमधले सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे आणि कॉर्क परगण्यात तर त्याचा सुळसुळाट आहे. नुसत्या नावावरून हा माणूस कधीच सापडणार नाही. आयरिश शोधात नावापेक्षा ठिकाण महत्त्वाचे, आणि ‘कॉर्क’ हे पुरेसे ठिकाण नव्हे. कॉर्क शहराचेही नाव आहे आणि परगण्याचेही, त्यातून हा परगणा देशात सर्वांत मोठा. तुम्हाला त्याच्या आत खोल जायचे आहे, थेट टाउनलँडपर्यंत. टाउनलँड म्हणजे तिथल्या जमिनीची स्वतःचे नाव असलेली सर्वांत लहान विभागणी. देशभरात अशा साठ हजारांहून अधिक आहेत आणि एकाच नावाच्या अनेक.

हे ठिकाण तुम्हाला भारतातल्या आणि फौजेच्या कागदांतून काढावे लागेल. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. बंगालचा संच एन/१, मद्रासचा एन/२ आणि मुंबईचा एन/३. फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे दिसतात, आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, म्हणजे फिबिस, या संस्थेची शोधसूची फुकट आहे. आधी त्यांच्या विवाहाची नोंद काढा. तीत वडिलांचे नाव मिळण्याची शक्यता असते, आणि नवरा शिपाई असेल तर हुद्दा व पलटणही. मुलांच्या बाप्तिस्म्यांतून पलटण कधी बदलली, नोकरी कधी सुटली हे कळते. ही पायरी गाळू नका, कारण पलटणीच्या नावाशिवाय पुढचा कागद ओळखताच येत नाही.

तो कागद म्हणजे सैनिकाची सेवामुक्तीची कागदपत्रे. लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ती डब्ल्यूओ ९७ या क्रमांकाखाली आहेत. भरतीच्या वेळी जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या कारभारातला स्थानिक विभाग, आणि जवळचे शहर लिहून घेत, ते त्यात सापडते. मात्र कारकून कानाला लागेल तसे लिही, म्हणून पॅरिशचे स्पेलिंग वेडेवाकडे असणार हे धरून चाला. ‘जवळचे शहर’ म्हणजे जन्मगाव नव्हे, हेही लक्षात घ्या. या संचाची एक मोठी मर्यादा आहे. नोकरीत असताना मेलेले किंवा पळून गेलेले शिपाई त्यात सहसा नसतात, आणि १८८३ पूर्वीचे कागद मुख्यतः पेन्शनवर सुटलेल्यांचे आहेत. तुमचे मर्फी मुदतीआधी पैसे भरून फौजेतून सुटले असतील आणि मग रेल्वेत गेले असतील, तर ते इथे नसण्याचीच शक्यता अधिक. तसे झाले तर पलटणीच्या हजेरीपटांकडे वळा. तेही क्यूलाच आहेत, पण ते जाऊन किंवा माणूस लावून पाहावे लागतात.

आणखी एक. आयरिश शिपाई बहुतांशी कॅथलिक होते, आणि सरकारकडे गेलेल्या नकलांत कॅथलिक नोंदी अर्धवट आहेत. एन/३ मध्ये विवाह मिळाला नाही तर पुणे कॅम्पातील सेंट पॅट्रिक्ससारख्या जुन्या कॅथलिक चर्चच्या मूळ वह्यांसाठी लेखी विनंती करा. विनंतीत पाच वर्षांपेक्षा मोठा काळ घालू नका. ‘१८७० ते १९०० मधले सगळे मर्फी पाहा’ अशी पत्रे तशीच पडून राहतात.

प्रश्न : मी डब्लिनला राहते. माझ्या नवऱ्याची आजी १९१९ साली केरी परगण्यात जन्मली. मुलांसाठी तिच्या बाजूची वंशावळ करायची आहे. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी कशा क्रमाने पाहाव्यात आणि कुठे फसायला होते?
– एक वाचक, डब्लिन

उत्तर : तुमची सुरुवात चांगल्या जागी आहे. आयर्लंडमध्ये कॅथलिकेतर विवाहांची सरकारी नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून झाली, आणि सर्वांचे जन्म, मृत्यू व विवाह १ जानेवारी १८६४ पासून नोंदले जाऊ लागले. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ वहीच्या छायाचित्रासह फुकट पाहता येतात. वंशावळीसाठी ही छायाचित्रे पुरतात. शिक्क्याचा दाखला फक्त कायदेशीर कामालाच लागतो.

क्रम नेहमी उलटा, म्हणजे जवळून दूर. आजीच्या जन्मनोंदीत तिच्या आईचे माहेरचे आडनाव मिळेल. सगळ्या शोधाची किल्ली हेच आडनाव. त्यावरून आजीच्या आईवडिलांचा विवाह शोधा. थोरल्या भावंडाच्या जन्मापासून मागे पाच-सहा वर्षे पाहिली की सहसा पुरते. त्यासाठी आधी सगळी भावंडे काढून घ्या. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून ते नवऱ्याच्या गावी मिळाले नाही तर गोंधळू नका. ग्रामीण कॅथलिकांची लग्ने ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, दाटीने होत. त्यामुळे एकाच पानावर एकाच आडनावाच्या दोन वधू दिसल्या तरी नवल नाही. विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्याही वडिलांची नावे व व्यवसाय असतात, म्हणजे एका कागदात तुम्ही एक पिढी वर चढता. वयाच्या रकान्यात मात्र पुष्कळदा आकडा नसतो, नुसते ‘पूर्ण वय’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ २१ किंवा त्याहून अधिक, इतकाच. वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ असे लिहिलेले नसेल तर ते तेव्हा जिवंत होते असेही समजू नका. पुष्कळ ठिकाणी कोणी विचारलेच नाही.

मग वर आणि वधू यांचे जन्म शोधा, पुन्हा त्यांच्या आईवडिलांचे लग्न, असे करत १८६४ ला टेकायचे.

आता फसण्याच्या जागा. पहिली जागा जिल्ह्याची. सरकारी नोंदणीचे जिल्हे परगण्याप्रमाणे आखलेले नाहीत. गरिबांच्या आश्रयशाळांसाठी जी ‘पुअर लॉ युनियन’ आखली होती तीच नोंदणीसाठी वापरली, आणि ती सीमा ओलांडतात. कॅरिक-ऑन-शूर या एका युनियनमध्ये टिपरेरी, वॉटरफर्ड आणि किलकेनी या तिन्ही परगण्यांचे भाग येतात. केरीसाठी किलार्नी, ट्रली, लिस्टोल, डिंगल, केनमेअर आणि काहरसिव्हीन ही नावे ओळखीची करून घ्या. आजीचे गाव यांतल्या कोणत्या युनियनमध्ये पडते हे आधी ठरवले तर निम्मे निकाल आपोआप गळतात.

दुसरी जागा जन्मतारखेची. ठरलेल्या मुदतीनंतर जन्म नोंदवायला पैसे पडत. उशीर झाला की आईबाप निबंधकाला पुढची तारीख सांगून मोकळे होत. त्यामुळे चर्चचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आधीचा निघतो. अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी धरा. मूल जन्मायच्या आधी बाप्तिस्मा होत नाही. सुरुवातीच्या वर्षांत जन्म नोंदवलेच नाहीत अशी घरेही बरीच आहेत. एखादे भावंड सरकारी वहीत नसेल तर ते चर्चच्या वहीत असू शकते, आणि केरीच्या चर्चनोंदींचा मोठा भाग याच संकेतस्थळावर फुकट आहे, ही तुमची आणखी एक सोय.

तिसरी जागा नावांची. ब्रिजेट घरात डीलिया किंवा बिडी असते, ऑनोरा ही नोरा किंवा हॅनोरा होते, जेरेमाया आणि डार्बी हा एकच माणूस असू शकतो. चर्चच्या लॅटिन नोंदीत जेम्स ‘याकोबुस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मुस’ असतो. एकोणिसाव्या शतकात ‘ओ’ हा पूर्वप्रत्यय बहुतेकांनी टाकला होता, आणि शतकाच्या अखेरीस अनेकांनी तो परत लावला. त्यामुळे बाप सलिव्हन आणि मुलगा ओसलिव्हन हे नेहमीचेच. नाव न ठरवताच जन्म नोंदवलेली बाळेही असतात. ती नावाने शोधून मिळत नाहीत, आडनाव, वर्ष आणि युनियन एवढेच टाकून यादी चाळावी लागते.

मृत्यूच्या नोंदीकडून फार अपेक्षा ठेवू नका. आयरिश मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांचे नाव नसते. वय गोलमटोल असते, साठ, सत्तर, ऐंशी. तिचा उपयोग खबर देणाऱ्याच्या रकान्यासाठी. तिथे लेक, सून, पुतण्या यांचे नाव व पत्ता मिळतो आणि लग्न होऊन आडनाव बदललेली मुलगी हाती लागते.

प्रश्न : माझी मुलगी गॉलवेच्या घरात दिली आहे. जावयांच्या खापरपणजीचे वय १९०१ च्या जनगणनेत ५६ आहे आणि १९११ च्या जनगणनेत ७१. घर तेच, मुले तीच. हे बरोबर कोणते? मुळात या कागदांवर कितपत विश्वास ठेवावा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बाई तीच आहे, आणि या पाच वर्षांच्या उडीचे कारण पेन्शन. १९०८ चा वृद्धापकाळ पेन्शन कायदा जानेवारी १९०९ पासून लागू झाला आणि सत्तरी गाठलेल्या गरिबांना दर आठवड्याला पैसे मिळू लागले. १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे सरकारी जन्मदाखला नव्हता. १९११ ला वय सांगताना पेन्शन अधिकाऱ्याच्या नजरेत भरेल असे सांगणे साहजिक होते. पण प्रत्येक उडी म्हणजे लबाडी नव्हे. पुष्कळांना आपले वय खरोखरच ठाऊक नव्हते, १९०१ चा आकडाही अंदाजाचा असे. त्यामुळे जन्म १८३९ ते १८४६ या पट्ट्यात धरा आणि बाप्तिस्मा त्या सगळ्या पट्ट्यात शोधा.

या पेन्शनमुळेच तुमच्या हाती एक मौल्यवान कागद येऊ शकतो. वय सिद्ध करण्यासाठी अर्जदारांच्या वतीने १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे कागद डब्लिनमध्ये तपासले जात. त्या तपासणीचे अर्ज शिल्लक आहेत आणि आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अर्जात आईवडिलांची नावे, टाउनलँड, पॅरिश आणि परगणा लिहिलेला असतो. मूळ जनगणना पुढे नष्ट झाली, म्हणून ‘सापडले नाही’ असा शेरा असलेला अर्जसुद्धा टाकून देऊ नका. शेरा काहीही असो, आईवडिलांची नावे त्या बाईने स्वतः सांगितलेली आहेत. शोधताना तिचे माहेरचे आडनाव वापरा, कारण १८५१ मध्ये ती माहेरी होती.

१९०१ ची गणती ३१ मार्चची आणि १९११ ची २ एप्रिलची. त्या रात्री जो घरात होता तोच कागदावर आला. शेजारी चाकरीला राहिलेली मुलगी किंवा दवाखान्यात असलेला बाप दुसरीकडे मिळेल. जन्मस्थळ म्हणून फक्त परगण्याचे किंवा शहराचे नाव असते, गाव नसते. घरक्रमांक हा मोजणाऱ्याने दिलेला अनुक्रमांक आहे, दोन्ही वर्षी तो एकच असेल असे नाही. पोलीस बराकीतल्या शिपायांची तर नुसती आद्याक्षरे असतात.

१९११ च्या अर्जात विवाहित स्त्रीला लग्नाला पूर्ण झालेली वर्षे, जिवंत जन्मलेली मुले आणि हयात मुले विचारली होती. १९११ मधून लग्नाची वर्षे वजा करा आणि विवाहनोंद त्याच्या एक-दोन वर्षे अलीकडे-पलीकडे पाहा. विधवांनी ही माहिती द्यायची नव्हती. काहींनी चुकून दिली आणि मोजणाऱ्याने ती खोडली, पण छायाचित्रात खोडलेला आकडा बहुधा वाचता येतो. टंकलिखित सारांशावर न थांबता छायाचित्र उघडा असे आम्ही सांगतो ते यासाठी. त्याच संचातला बी-१ नमुनाही पाहून घ्या. छप्पर गवताचे की पक्के, पुढच्या भिंतीला खिडक्या किती, जमीन कोणाच्या नावावर, हे सगळे त्यात आहे. आणि अर्ज आयरिश भाषेत भरलेला असेल तर कुटुंब इंग्रजी आडनावाने मिळणारच नाही. अशा वेळी नाव सोडून द्या. परगणा, निवडणूक विभाग, टाउनलँड असे उतरत जाऊन एकेक घर उघडा.

प्रश्न : १९०१ पूर्वीची जनगणना का मिळत नाही? सगळे १९२२ च्या आगीत जळाले ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळे नाही. १८२१ ते १८५१ या चार गणत्यांचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दफ्तरखान्याबरोबर गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट केले होते, तर १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेले. म्हणजे या नंतरच्या चार गणत्यांचा दोष आगीला देता येत नाही, तो कारभाऱ्यांचाच. जुन्यांपैकी थोडे तुकडे उरले आहेत: १८२१ चे कॅव्हन, फर्मॅना, गॉलवे, मीथ आणि ऑफली या परगण्यांतील काही भागांचे, १८३१ चे डेरीचे, १८५१ चे अँट्रिममधील काही पॅरिशांचे. सरकारी जन्म-मृत्यूच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्या. कॅथलिक पॅरिशच्या वह्याही नव्हत्या, आणि सुमारे १८८० पर्यंतच्या त्या वह्यांची छायाचित्रे नॅशनल लायब्ररीने फुकट खुली केली आहेत. चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्यांचे मात्र फार नुकसान झाले. १९२१ ला अशांततेमुळे गणती झालीच नाही. त्यानंतरची १८ एप्रिल १९२६ ची, आणि तिची शंभर वर्षांची गोपनीयतेची मुदत एप्रिल २०२६ मध्ये संपते.

प्रश्न : १८५० च्या दशकातल्या ग्रिफिथ मूल्यांकनात आमच्या मेयो परगण्यातल्या पॅरिशमध्ये पॅट्रिक वॉल्श नावाचे चार जण निघाले. आपला कोणता हे कसे ठरवायचे?
– एक वाचक, लंडन

उत्तर : १८४७ ते १८६४ दरम्यान छापलेले हे मूल्यांकन जनगणना नव्हे, कर बसवण्यासाठी केलेली यादी आहे. आपल्या सातबाऱ्यासारखेच समजा: खातेदाराचे नाव आहे, त्याच्या चुलीभोवतीची माणसे नाहीत. म्हणून यादीत मुलगा नसला तर तो नव्हताच असे ठरत नाही, तो बापाच्या घरात असतो.

चार पॅट्रिक वेगळे करण्यासाठी आधी कंसातली नावे पाहा. ‘पॅट्रिक वॉल्श (मायकेल)’ असे असेल तर बहुधा तो मायकेलचा मुलगा. शेजारी दुसरा पॅट्रिक असल्याखेरीज अशी खूण सहसा करत नसत. मग नकाशा क्रमांक. एकाच क्रमांकाखाली चार-पाच कुळे असतील तर ती जमीन एकत्र कसत होती, आणि ती नातलग असण्याचा संभव मोठा. मोठी अक्षरे त्याच खात्याचे विखुरलेले तुकडे दाखवतात, लहान अक्षरे घरे. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये आहे. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चचा रूड. ज्याच्या नावापुढे घर आहे पण जमीन नाही तो मजूर. पुढच्या कागदांत तुमचे पूर्वज शेतकरी दिसत असतील तर त्याला बाजूला ठेवा.

निर्णायक पुरावा मात्र नंतरच्या दुरुस्ती-वह्यांत मिळतो. मूल्यांकन झाल्यावर अधिकारी वेळोवेळी येत आणि कुळ बदलले की जुने नाव रंगीत शाईने खोडून नवे नाव व वर्ष लिहीत. १९०१ च्या जनगणनेतले घर धरा आणि त्या खात्यावरून मागे चालत या. ज्या पॅट्रिकपाशी पोचाल तो तुमचा. नाव बदलले ते वर्ष मृत्यूचे किंवा देश सोडल्याचे वर्ष नव्हे. अधिकारी एक-दोन वर्षे उशिरा येई, कधी आणखी उशिरा, त्यामुळे मृत्युनोंद त्या वर्षाच्या मागे शोधा. प्रजासत्ताकातल्या परगण्यांच्या वह्या डब्लिनमध्ये टाल्टे एअरन या सरकारी संस्थेकडे आहेत.

प्रश्न : आमचे व्याही टायरोनचे. उत्तर आयर्लंडच्या नोंदींना पैसे पडतात म्हणे?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : १९२१ अखेरपर्यंतच्या नोंदींना पडू नयेत. टायरोन, डेरी, अँट्रिम, डाउन, आर्मा आणि फर्मॅना या सहा परगण्यांच्या तोवरच्या नोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या डब्लिनच्या फुकट संकेतस्थळावरच आहेत. १९२२ पासूनच्या नोंदींसाठीच बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रेडिट विकत घ्या. आधी शोधसूची पाहा, नोंद नक्की आपलीच वाटली तरच छायाचित्र उघडा. या सहा परगण्यांच्या दुरुस्ती-वह्याही प्रोनी या बेलफास्टच्या दफ्तरखान्याने फुकट खुल्या केल्या आहेत.

प्रश्न : पणजोबा आयर्लंडमध्ये जन्मले होते हे सिद्ध झाले तर आयरिश पासपोर्ट मिळतो का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : नुसत्या पणजोबांवर नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व घेता येते. पणजोबांच्या बाबतीत तुमच्या आईने किंवा वडिलांनी तुमच्या जन्माआधीच त्या वहीत नाव नोंदवलेले हवे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. अर्ज करायचाच असेल तर छायाचित्रे चालणार नाहीत. जन्म आणि विवाहाचे शिक्क्याचे दाखले प्रत्येक पिढीचे लागतात, आणि नावाच्या स्पेलिंगमधला फरक आधीच शपथपत्राने जुळवून ठेवावा लागतो.